आवाजाची ठेव

माणूस जे काही निर्माण करतो त्यात त्याचा आवाज सर्वांत अल्पायुषी असतो. मडके फुटले तरी खापरी उरते, घर पडले तरी जोते उरते, लिहिलेले पान पिवळे पडून का होईना, पेटीच्या तळाशी सापडते. उच्चारलेला शब्द मात्र उच्चारताक्षणीच नाहीसा होतो. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात या नवलाचा विचार केला आहे. आपण एखादे स्तोत्र म्हणू लागतो तेव्हा म्हणून झालेला भाग मागे सरतो, उरलेला अजून यावयाचा असतो आणि ‘हा आताचा’ म्हणून हाती धरावे असे काहीच सापडत नाही. मग अमुक स्वर लांब होता आणि तमुक आखूड, हे आपण ठरवितो तरी कसे? जो स्वर विरून गेला तो मोजता येत नाही. त्याने मनावर उमटविलेला ठसा तेवढा मोजता येतो, असे ऑगस्टीन यांचे उत्तर आहे.

हा ठसा मनाऐवजी एखाद्या जड पदार्थावर उमटविता आला तर? एकोणिसाव्या शतकाने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. आज तर ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे आणि दिवंगत आईवडिलांचा आवाज मोबाइलमध्ये जपून ठेवलेला नाही असे कुटुंब विरळाच. आम्हांस येथे केवळ यंत्राची कथा सांगावयाची नाही. त्या कथेच्या आधाराने एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जपून ठेवलेला आवाज म्हणजे नेमके काय? तो माणूसच मानावा, की बाजारातील इतर वस्तूंसारखी एक वस्तू? आणि तो ज्याच्या हाती येतो, त्याच्यावर कोणते उत्तरदायित्व येते?

या कथेचा आरंभ एडिसन यांच्यापासून करण्याचा प्रघात आहे. परंतु त्यांच्या वीस वर्षे आधी पॅरिसमध्ये छापखान्याच्या व्यवसायात असलेल्या एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल नावाच्या गृहस्थांनी २५ मार्च १८५७ रोजी एका यंत्राचे पेटंट घेतले होते. कर्ण्यात बोलले की आतील पडदा थरथरे, पडद्याला चिकटविलेला केस हले आणि काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ उमटे. ही रेघ पुन्हा वाजवावी असे स्कॉट यांच्या मनातही नव्हते. ते पडले छपाईच्या क्षेत्रातले. बोलणे आपोआप लिहिले जावे आणि लोकांनी ते डोळ्यांनी वाचावे, अशी त्यांची इच्छा होती. ९ एप्रिल १८६० रोजी चांदण्यावरच्या एका फ्रेंच लोकगीताची त्यांनी अशीच रेघ काढली. ती जवळजवळ दीड शतक मुकी राहिली. २००८ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी संगणकाच्या साहाय्याने त्या रेघेचा पुन्हा ध्वनी केला, तेव्हा एखादी मुलगी किंवा स्त्री गात असावी असे सर्वांना वाटले. पुढच्याच वर्षी लक्षात आले की, रेघ दुप्पट वेगाने वाजविली जात होती. गाणारा पुरुष होता. बहुधा खुद्द स्कॉट.

या प्रसंगात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे असे आम्हांस वाटते. कागदावरचा ठसा प्रामाणिक होता, तरी ऐकणाऱ्यांना भलताच माणूस ऐकू आला. तबकडीवरील खाचेत आवाज नसतो, आवाजाची खूण असते. ती खाच मूक आहे. कोणीतरी ती योग्य वेगाने फिरवावी, त्यावर सुई टेकवावी, कान द्यावा, तेव्हा ध्वनी पुन्हा जन्मतो आणि पुन्हा, ऑगस्टीन म्हणतात त्याप्रमाणे, क्षणोक्षणी विरून जातो. यंत्राने काळाला थांबविलेले नाही. ऐकण्याचे काम त्याने आपल्याकडे सोपविले आहे, आणि जे सोपविले जाते त्याला आपल्या भाषेत ‘ठेव’ असा सुंदर शब्द आहे. ठेव जपावी लागते, पण ती आपल्या मालकीची होत नाही.

१८७७ च्या अखेरीस टॉमस एडिसन यांनी न्यू जर्सीतील आपल्या कर्मशाळेत फिरत्या नळकांड्याभोवती कथलाचा वर्ख गुंडाळला आणि मुलांचे एक बडबडगीत म्हटले. यंत्राने ते परत म्हणून दाखविले. बोललेले परत ऐकू येण्याचा हा पहिलाच अनुभव होता. एडिसन यांना स्वतःला नीट ऐकू येत नसे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी आपल्या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगितले. त्यात कचेरीतील पत्रे सांगणे होते, अंधांसाठी बोलकी पुस्तके होती, भाषाशिक्षण होते, संगीतही होते. आणि कुटुंबातील माणसांचे आवाज, मृत्युशय्येवरील अखेरचे शब्द जतन करणे, हाही एक उपयोग होता. म्हणजे यंत्र अजून पाळण्यात असतानाच माणसाने त्याच्याकडून मृत्यूविरुद्ध साहाय्य मागितले होते.

यातील अंधांसाठीच्या पुस्तकांची गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अमेरिकेत १९३४ पासून अंध वाचकांसाठी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर पुस्तके निघू लागली. बाजारात या गतीच्या तबकड्या रुजल्या त्या १९४८ नंतर. ज्या सोयीचा जगाने पुढे करमणुकीसाठी उपयोग केला, तिचा लाभ आधी ज्यांना पान वाचता येत नव्हते त्यांना झाला. यंत्र चांगले की वाईट, हा वाद घालणाऱ्यांनी ते कोणासाठी राबते आहे हे आधी पाहावे.

एडिसन यांच्या नळकांड्यांना एक मर्यादा होती. त्यांच्या प्रती काढणे आरंभी अवघड असल्यामुळे गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागे. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये नळकांड्याऐवजी सपाट चकती घेतली. मूळ चकतीवरून धातूचा साचा घडवायचा आणि त्या साच्यातून हव्या तितक्या प्रती दाबून काढायच्या, ही त्यांची रीत. ते काम छापखान्याच्या जातीचे होते. आवाज आता गाणाऱ्यापासून वेगळा झाला, त्याला किंमत आली, तो दुकानात मांडला गेला.

ही चकती कशाची होती? लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर पोसले जाणारे लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, तो खरवडून, धुऊन, वितळवून शेलॅक तयार होते. त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्या काळच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या बनत. जगाला लाख पुरविण्यात भारताचा वाटा फार मोठा होता आणि त्यात छोटा नागपूरच्या जंगलांतील आदिवासींचे श्रम होते. युरोपातील दिवाणखान्यांत जो अभिजात सूर घुमे, त्याच्या तळाशी भारतातील एका अनाम माणसाने फांदीवरून खरवडलेली लाख होती. तबकडीवर गायकाचे नाव छापले जाई, कंपनीचे छापले जाई. या माणसाचे नाव छापण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

नावाचा विषय निघालाच आहे, तर १९०२ सालच्या नोव्हेंबरमधील कलकत्त्याची आठवण करणे उचित ठरेल. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग तेथे ध्वनिमुद्रणासाठी आले होते. त्यांच्यासमोर गायिका गौहरजान गायल्या. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत असल्यामुळे तासभर रंगणारे गाणे त्यांना तेवढ्यात बसवावे लागे. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत. आज ते ऐकताना कलावंताच्या अभिमानाची छटा जाणवते, पण त्यामागचे कारण साधे होते. तबकड्या दाबून निघत त्या जर्मनीतील हानोव्हर येथे. हजारो मैलांवरच्या कारागिरांना हा आवाज कोणाचा, हे कळावे कसे? आर्मेनियन वंशाच्या पित्याच्या पोटी जन्मलेल्या आणि लहानपणी अँजेलिना हे नाव असलेल्या या स्त्रीने जगाला दिलेली ती ओळख होती. आवाजासोबत नाव गेले पाहिजे, हा धडा व्यवसायाच्या गरजेतून का होईना, तेथे घालून दिला गेला.

यावरून आम्ही पहिल्या कर्तव्याकडे येतो. जो आवाज आपण ऐकतो तो कोणाचा आहे आणि तो आपल्यापर्यंत कोणती किंमत देऊन आला आहे, हे जाणून घेतले पाहिजे. याचे सर्वांत अवघड उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातच आहे, आणि ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. १९०२ आणि १९०४ या वर्षी ग्रामोफोन कंपनीने रोममध्ये अलेस्सांद्रो मोरेस्की यांचे गायन मुद्रित केले. ते सिस्टीन चॅपेलच्या गायनवृंदातील ‘कास्त्रातो’ होते. मुलाचा कोवळा आवाज फुटू नये म्हणून त्याच्या शरीरावर वयात येण्यापूर्वीच कायमचा आघात करण्याची प्रथा इटलीत काही शतके चालली. धर्मसत्तेने त्या कृत्याचा निषेधही केला आणि त्यातून निपजलेले आवाज आपल्या गायनवृंदांत ठेवूनही घेतले. १८७८ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी अशा गायकांची नवी भरती थांबविली. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी उंच स्वरांसाठी मुलांचे आवाज घ्यावेत, असा आदेश दिला. मोरेस्की हे या परंपरेतील असे एकच गायक, की ज्यांचे एकल गायन तबकडीवर टिकले.

ही तबकडी ऐकावी की ऐकू नये? कोणी म्हणेल, अन्यायातून जन्मलेले सौंदर्य ऐकणे म्हणजे त्या अन्यायात भागीदार होणे. आमचे मत वेगळे आहे. न ऐकल्याने तो मुलगा पुन्हा धडधाकट होत नाही. उलट त्याच्यावर आघात झाला होता ही साक्षसुद्धा पुसली जाते. मात्र नवलाची चीज म्हणून, मित्रांना चकित करण्यासाठी ती वाजविणे निर्दयपणाचे आहे. ऐकावयाचे असेल तर त्या मागील मुलाची आठवण ठेवून, आणि चांगल्या हेतूने चालविलेल्या उपासनेतही केवढी क्रूरता खपून जाऊ शकते, याची लाज बाळगून ऐकावे. लोकांचा आनंद, परंपरेची प्रतिष्ठा, देवाचे गौरव, ही सारी कारणे पुढे करून एका मुलाचे शरीर मोडले गेले. ती तबकडी आपल्याला आजही विचारते: तुमच्या सोहळ्यांची किंमत कोण मोजतो?

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. १८९० च्या मार्च महिन्यात जेसी वॉल्टर फ्यूक्स या अभ्यासकाने मेन राज्यातील पासामाक्वॉडी या आदिवासी जमातीची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या. एखाद्या समाजात जाऊन केलेले हे आद्य ध्वनिमुद्रण समजले जाते. त्या काळी या जमातींची संस्कृती आता लयाला जाणार, असे विद्वान गृहीत धरीत. म्हणून आवाज काढून घ्यायचे आणि संग्रहालयात ठेवायचे. नळकांडी विद्यापीठातून पुढे ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये गेली आणि गाणाऱ्यांच्या नातवंडांना त्यांचा पत्ताही नव्हता. जवळजवळ एका शतकानंतर, १९८० च्या दशकात, त्यांच्या प्रती जमातीला परत मिळू लागल्या. अलीकडच्या वर्षांत ती नळकांडी अधिक स्वच्छ करून ऐकता आली आणि त्यांतील कोणते गाणे जगाने ऐकावे व कोणते केवळ आपल्या माणसांत राहावे, हे ठरविण्याचा जमातीचा अधिकार मान्य झाला. ज्यांनी जतन केले त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. ते नसते तर परत देण्यासारखे काही उरलेच नसते. परंतु जतन करणारा विश्वस्त असतो. मूळ मालकाच्या दाराशी ठेव परत नेऊन दिली, तेव्हाच त्याचे काम पूर्ण होते.

आता दुसरे कर्तव्य. यंत्राला आपल्या वतीने गाऊ देऊ नये. १९०६ साली अमेरिकेतील विख्यात बँडप्रमुख जॉन फिलिप सूसा यांनी यांत्रिक संगीताच्या संकटावर एक लेख लिहिला. हौसेने गाणारे आणि वाजविणारे लोक हळूहळू नाहीसे होतील, बाळाला झोपविण्याचे कामही यंत्राकडे जाईल, अशी त्यांची धास्ती होती. सूसा यांचा थोडा स्वार्थही त्यात होता, कारण त्यांच्या रचना यंत्रांवर वाजत आणि त्यांना मोबदला मिळत नसे. १९०९ च्या कायद्याने तो प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट असा ठरला. पुढे १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. वादकाने एकदा वाजविलेले गाणे हजार ठिकाणी वाजणार आणि त्याच हजार ठिकाणचे वादक बेकार होणार, ही त्यांची तक्रार. १९४४ पर्यंत कंपन्यांनी तबकड्यांच्या विक्रीतून एका निधीत रक्कम देण्याचे मान्य केले आणि त्या निधीतून लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम होऊ लागले. एखाद्याचे श्रम साठवून ठेवता आले म्हणून त्याची भाकरी काढून घेता येत नाही, हे तत्त्व त्या लढ्यात होते.

भाकरीपलीकडेही एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या उपासनेला भिडतो. ३ सप्टेंबर १९५८ रोजी, पोप बारावे पायस यांच्या अखेरच्या दिवसांत, रोमच्या उपासनाविषयक मंडळाने पवित्र संगीतावर एक सूचनापत्र प्रसिद्ध केले. त्यात ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांचा उपासनाविधीत गायनवृंदाच्या किंवा भाविकांच्या गायनाऐवजी उपयोग करण्यास स्पष्ट मनाई होती. ध्वनिक्षेपकाला मात्र परवानगी होती. कारण ध्वनिक्षेपक जिवंत माणसाचा आवाज मोठा करतो. तबकडी त्याची जागा घेते. वरवर हा भेद किरकोळ वाटेल. सूर दोन्हींकडे विजेवर चालणाऱ्या पेटीतूनच येतो, आणि तबकडीवरचे गायन आपल्या गावच्या गायनवृंदापेक्षा किती तरी सरस असू शकते! तरीही हा भेद मूलगामी आहे. प्रार्थना म्हणजे ऐकू येणारा गोड ध्वनी एवढाच तिचा अर्थ नाही. कोणीतरी त्या क्षणी स्वतःला अर्पण करणे हा तिचा गाभा आहे. मेणबत्तीचे छायाचित्र वेदीवर ठेवून चालत नाही, कारण छायाचित्र जळत नाही, झिजत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत सर्व भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला आणि लोकभाषेला दार उघडले. त्यानंतर आपण मराठीत मिस्सा गाऊ लागलो. बेसूर का असेना, ते गाणे आपले आहे.

यावर एक आक्षेप येईल. तबकडी नसती तर थोरामोठ्यांचे गाणे आपल्यासारख्या सामान्यांच्या कानी पडले असते काय? दरबाराच्या आणि धनिकांच्या बैठकीबाहेर ते आलेच नसते. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच संगीताच्या क्षेत्रातील एक गुरु-शिष्या आम्हांस या ठिकाणी आठवतात. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ मध्ये मुंबईत वारले. त्यांच्या स्वतःच्या आवाजाची एकही तबकडी आपल्यापर्यंत आलेली नाही. त्यांचे गाणे त्यांनी शिष्यांच्या गळ्यात ठेवले. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर या त्या शिष्यांपैकी एक. केसरबाईंच्या तबकड्या निघाल्या, आणि त्यांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांवर बसविलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत समाविष्ट झाले. त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले. ती याने आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेली आहेत. गुरूचा आवाज कोठेही नाही आणि शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या वाटेवर आहे. परंतु गुरूने शिष्येला समोर बसवून शिकविले नसते, तर त्या तबकडीवर काय असते? माणसातून माणसात गेलेली ठेव आधी, यंत्रातील ठेव नंतर, हा क्रम विसरू नये.

लाखेच्या तबकडीची जागा विनाइलने घेतली, तिलाही युद्धाचे निमित्त झाले. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली. अमेरिकन सरकारने १९४२ मध्ये तिच्या वापरावर कडक निर्बंध घातले आणि सैनिकांसाठीच्या तबकड्या न फुटणाऱ्या विनाइलवर निघू लागल्या. २१ जून १९४८ रोजी कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये लाँग प्लेइंग तबकडी पुढे आणली. बारीक खाचा आणि संथ फेरे, यांमुळे एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. रागाला श्वास घ्यावयास जागा मिळाली. पुढे कॅसेट आली, १९८२ मध्ये सीडी आली, आणि मग वस्तूच उरली नाही. बोट लावले की गाणे येते. असे असता २०२२ साली अमेरिकेत, १९८७ नंतर प्रथमच, सीडींपेक्षा विनाइलच्या तबकड्या अधिक खपल्या. सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विरुद्ध ३ कोटी ३० लाख सीडी, असे ते प्रमाण होते.

हा केवळ जुन्याचा सोस आहे काय? काही अंशी असेलही. पण तबकडी पाकिटातून जपून काढावी लागते, पुसावी लागते, सुई हलक्या हाताने टेकवावी लागते आणि वीस मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागते. तेवढा वेळ माणूस ऐकण्यासाठी बसतो. सारे जग एका बोटाच्या अंतरावर आले तेव्हा आपले ऐकणे उथळ झाले, आणि ते पुन्हा खोल व्हावे अशी भूक लोकांना लागली असावी. ज्याच्याकडे लक्ष द्यावयास आपल्याला सवड नाही, ते जतन करून तरी काय उपयोग? घरातील वृद्धांच्या बाबतीतही हेच घडते. आजोबांचा आवाज मुद्रित करून ठेवणारा नातू त्यांच्याजवळ अर्धा तास बसत नसेल, तर त्याने ठेव घेतली आणि माणूस बाहेर ठेवला.

तिसरे कर्तव्य आजच्या काळाने निर्माण केले आहे. आवाजाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घालू नयेत. आता थोडासा नमुना मिळाला तरी कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाच्याही आवाजात काहीही बोलवू शकते. या शक्तीचे दोन उपयोग आपण वेगळे ओळखले पाहिजेत. २०२३ साली बीटल्सचे एक गाणे प्रसिद्ध झाले. १९८० मध्ये ज्यांची हत्या झाली त्या जॉन लेनन यांनी ते घरी एका कॅसेटवर गाऊन ठेवले होते. पियानोच्या गोंगाटात बुडालेला त्यांचा आवाज संगणकाने वेगळा काढला. येथे यंत्राने धूळ पुसली. लेनन यांनी जे गायले तेच आपण ऐकले. परंतु मृत आईचा आवाज घेऊन तिच्याकडून नवे आशीर्वाद, नवे सल्ले वदवून घेणे ही धूळ पुसणे नव्हे. शोकाकुल माणसाला त्याचा मोह का पडावा, हे आम्ही समजू शकतो. रात्रीच्या एकांतात तो आवाज आपले नाव घेऊन हाक मारील, तर कोणाचे काळीज हलणार नाही? पण ती हाक आईने मारलेली नसते. तिला आता नकार देता येत नाही, रागावता येत नाही, ‘मी असे म्हटले नव्हते’ असे सांगता येत नाही. जो स्वतःचा बचाव करू शकत नाही, त्याच्या तोंडी शब्द घालणे हा खोट्या साक्षीचाच एक प्रकार आहे, आणि खोटी साक्ष देऊ नकोस ही आज्ञा मृतांच्या बाबतीत सैल होत नाही. शिवाय मृतांना देवाच्या हाती सोपविणे हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे. त्यांना यंत्रात कोंडून रोज हवे तेव्हा बोलाविणे, याला सोपविणे म्हणता येणार नाही.

ध्वनिमुद्रित आवाज ज्यांचा उपलब्ध आहे असे पहिले पोप म्हणजे तेरावे लिओ. १८१० साली जन्मलेल्या या वयोवृद्ध पोपमहोदयांनी १९०३ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, नमो मारियेची प्रार्थना मुद्रित केली. तो आवाज थकलेला आणि घरघरता आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी तेच लिओ हे नाव घेतले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने मानवी प्रतिष्ठेपुढे उभे केलेले आव्हान हेही त्याचे एक कारण सांगितले. २०२६ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी त्यांनी मानवी आवाज आणि चेहरे जपण्याचा विषय दिला. आज त्या वृद्ध लिओंचा आवाज संगणकाने तरुण आणि खणखणीत करणे अवघड नाही. तसे केल्याने आपल्याला अधिक काही मिळेल काय? त्र्याण्णव्या वर्षाकडे झुकलेल्या माणसाने श्वास अपुरा पडत असताना केलेली प्रार्थना, हेच त्या ठेवीचे मोल आहे.

वाचक बंधुभगिनींनो, हा विचार ग्रंथांपुरता राहू नये. आपल्या धर्मग्रामांत अनेक घरांच्या कपाटांत जुन्या कॅसेटी पडून आहेत. त्यांवर लग्नघरी आयाबायांनी गायलेली गाणी असतील, एखाद्या धर्मगुरूंचे प्रवचन असेल, परदेशी गेलेल्या मुलासाठी आईने बोलून पाठविलेले पत्र असेल. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. म्हणून त्यांची नवी प्रत वेळेवर करून घ्यावी. प्रत्येकीवर कोण गात आहे, कोठे आणि कोणत्या साली, हे लिहून ठेवावे. गाणारी हयात असेल तर इतरांना ऐकवू का, असे तिला विचारावे. नसेल तर तिच्या घरच्यांना विचारावे. त्या आवाजात काही भर घालू नये.

आणि एवढे झाल्यावर ती गाणी स्वतः शिकावीत. ज्या म्हाताऱ्या बाईंना ती अजून पाठ आहेत त्यांच्याजवळ मुलींना बसवावे, मुलांनाही बसवावे. कपाटातील प्रत हरवली तरी चालेल, इतके गाणे घरातल्या चौघांच्या गळ्यात असावे.